दुधाच्या दातांचे मोल : बालदंतरोगतज्ज्ञांची भूमिका

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत; त्यांवर खर्च कशाला?’ हा प्रश्न आपल्या बाह्यरुग्ण विभागात पालक वारंवार विचारतात. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने जमाखर्चाच्या भाषेतच त्याचे उत्तर द्यावेसे वाटते.

बाळाला साधारणतः ६व्या महिन्यात पहिला दात येतो व ३ वर्षांपर्यंत २० दुधाचे दात पूर्ण होतात. पुढचे दात ६-७ वर्षांपासून पडू लागतात. दुधाच्या दाढा मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. किडलेली दाढ अकाली काढल्यास शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात आणि कायमच्या दाताची वाट अडते. दुखणाऱ्या दातांमुळे मूल नीट जेवत नाही, झोपत नाही, अभ्यासात रमत नाही, हे नुकसान निराळेच.

सर्वांत मोठी फसगत ६व्या वर्षी होते. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. पालक तिलाही दुधाचीच समजतात. सेनगाव तालुक्यातील एका ऊसतोड कुटुंबातील ९ वर्षांची मुलगी गाल सुजलेल्या अवस्थेत आपल्याकडे आली. ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत दुखणे अंगावर काढले होते. दाढ वाचू शकली नाही. ‘दुसरी येईल ना?’ असे आईने विचारले. ती येणार नव्हती.

दंतवैद्यकाच्या ५ वर्षांच्या पदवीनंतर आणखी ३ वर्षे केवळ मुलांच्या दातांचा अभ्यास करून बालदंतरोगतज्ज्ञ घडतो. आधी सांगणे, मग दाखवणे आणि नंतरच उपचार करणे, या रीतीने तो मुलाच्या मनातील भीती घालवतो. फ्लोराईडचा लेप लावणे, दाढांच्या खाचा बुजवणे, दाढ काढावीच लागली तर तिची जागा राखणारे साधन बसवणे, ही त्याची प्रमुख कामे होत. खाच बुजवण्यास काही मिनिटे पुरतात. गमावलेली दाढ मात्र कोणत्याही खर्चाने परत मिळत नाही.

पालकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :
१. पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाचे दात एकदा तपासून घ्यावेत.
२. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळास झोपवू नये.
३. फ्लोराईडयुक्त टूथपेस्ट ३ वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी द्यावी. मशेरी कदापि देऊ नये.
४. पडल्याने कायमचा दात निखळल्यास मुळाला हात न लावता तो दुधात ठेवावा व तत्काळ दवाखाना गाठावा.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुलांची तपासणी होते. तीत दातांची कीडही पाहिली जाते. परंतु पथक गावात येते तेव्हा ऊसतोड कामगारांची मुले फडावर असली, तर ती या तपासणीतून निसटतात. औंढा, कळमनुरी, सेनगावच्या अशा मुलांपर्यंत पोहोचणे हे धर्मादाय रुग्णालयाचे कर्तव्य होय. देणगीदार व विश्वस्तांच्या औदार्याने ते पार पडावे, ही नम्र विनंती.