मासा कोणी कोरला, ते आधी विचार

चिंचवड

चि. ओंकार,

फोटो मिळाले. चाकणच्या खोलीतलं तुझं कपाट लाकडी माशा-कासवांनी भरत चाललंय, याचा आनंद आहे. पण तो डॉल्फिन हाताने कोरलेला वाटत नाही. पोटाखाली बघ, एकसारख्या अंतरावर बारीक रेघा दिसतात. त्या राउटरच्या. तू दिवसभर सीएनसीवर असतोस, कटरची चाल तुझ्या ओळखीची आहे. पटाशीचा घाव लाकडाच्या रेषेप्रमाणे वळतो, कुठे उथळ, कुठे खोल, आणि डावा पर उजव्याशी तंतोतंत जुळत नाही.

पराजवळच कारागिराची परीक्षा होते. पातळ पराला लाकडाची रेषा आडवी गेली, की जरा धक्का लागला तरी तो मोडतो. भोसरीत आम्ही ओतकामासाठी सागवानी पॅटर्न करायचो, तेव्हा पातळ रिब वेगळ्या तुकड्यातून, रेषा लांबीत धरून काढायचो आणि मग बसवायचो. जाणता माणूस माशाचा परही तसाच काढतो. पराच्या मुळाशी सांधा दिसला, तर त्याला खोट समजू नकोस.

हे सगळं शिकायचं तर सावंतवाडीला जा. चितारआळीत लाकडी फळांचीच रेलचेल आहे, पण मासा आणि कासव चिताऱ्यांच्या हाताला नवे नाहीत. ते रंगवतात त्या दशावतारी गंजिफा पत्त्यांच्या १२० पानांत मत्स्याची बारा आणि कूर्माची बारा असतात. मोडकळीला आलेली ही कला राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून जगवली. तिथे दुकानात उभा राहून घासाघीस करू नकोस. कारागिरापाशी बस, लाकूड कोणतं ते विचार, हवा तो मासा सांगून करून घे आणि तो सांगेल ते पैसे दे.

एक मात्र बजावतो. कासवाचं खरं कवच जडवलेली वस्तू कोणी कितीही जुनी म्हणून दाखवली, तरी घेऊ नकोस. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो व्यापार बंद आहे.

कोकणच्या दमट हवेतलं लाकूड आपल्याकडच्या एप्रिलात टोकांकडून आधी सुकतं आणि तडकतं. एसीसमोर किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नकोस. खाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला, तर कीड आहे. तो नग लगेच बाजूला काढ. प्रत्येक वस्तूमागे कारागिराचं नाव, गाव आणि लाकूड वहीत लिहून ठेव. डॉल्फिनपुढची जागा कोरी राहू दे.

जाण्याचं ठरलं की कळव. गुडघे साथ देतील तर मीही येईन.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा