बेटावरचे पक्षी आणि आपला किनारा

मुलांनो, चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट, ही व्याख्या तुम्हाला पाठ आहे. पण त्या बेटावर राहतं कोण? आज आपल्याच राज्यातल्या एका छोट्या द्वीपसमूहाची ओळख करून घेऊ आणि मग तिथून जे शिकलो ते केळव्याच्या किनाऱ्यावर वापरू.

वेंगुर्ल्याची खडकाळ बेटे

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात काही उघडे खडक आहेत. त्यांना 'वेंगुर्ला रॉक्स' किंवा 'बर्न्ट आयलंड' म्हणतात. तिथे एक दीपगृह आहे, पण गाव नाही.

या बेटांवरच्या अंधाऱ्या गुहांमध्ये पाकोळ्या राहतात. दिसत नाही तिथे त्या टिकटिक असा आवाज काढतात आणि भिंतीवर आपटून परत येणाऱ्या आवाजावरून वाट ओळखतात. वटवाघळासारखंच, नाही का? त्यांचं घरटं मुख्यतः त्यांच्या लाळेचं असतं. लाळ वाळून घट्ट होते आणि घरटं खडकाला चिकटून राहतं.

उघड्या खडकांवर सुरय हे समुद्रपक्षी अंडी घालतात. ते काड्याकाटक्यांचं घरटं बांधत नाहीत. खडकाची खाच हेच त्यांचं घर. माणसांची, कुत्र्या-मांजरांची वर्दळ नाही, म्हणून हे चालतं.

पण पाकोळीच्या घरट्याचं सूप करतात आणि परदेशात त्याला मोठी किंमत मिळते. त्यामुळे इथली घरटी चोरीला गेली आहेत. घरटं ओरबाडलं की आतली अंडी-पिल्लं जातात आणि पाकोळीला पुन्हा थेंब थेंब लाळ जमवावी लागते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्येच झाला. तरीही राखण आपणच करायची असते.

आता आपल्या किनाऱ्यावर

केळव्याचा पाणकोट तुम्ही पाहिलाय. भरतीला तो बेट होतो, ओहोटीला त्याच्यापर्यंत चालत जाता येतं. मग ओहोटी कधी? आजी-आजोबांचं गणित वापरा. तिथीच्या अंकाला 3 ने गुणा, 4 ने भागा. चतुर्थीला 4 × 3 ÷ 4 = 3, म्हणजे साधारण 3 वाजता पूर्ण भरती आणि त्यानंतर सुमारे 6 तासांनी, म्हणजे 9 वाजता पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, म्हणून निघण्याआधी मच्छीमार काकांना विचाराच. मोठं माणूस सोबत हवंच, आणि पाणी चढायला लागायच्या आत परत फिरायचं.

हिवाळ्यात सुरूच्या बागेतून खाली उतरलात की ओल्या वाळूवर छोटे चिखले पळताना दिसतील. थोडं पळतात, थांबतात, टिपतात. कुरव पाण्याच्या कडेला थव्याने बसतात. यातले बरेच पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेले पाहुणे आहेत. ओहोटीचे काही तास हीच त्यांची जेवणाची वेळ. वाळूतले किडे, शिंपले खाऊन ते परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवतात. थव्यामागे धावलात तर मजा वाटेल, पण त्यांचं ताट तुम्ही ओढून घेतलेलं असेल. जेवण बुडतं आणि उडण्यात ताकदही जाते.

म्हणून एक साधी खूण लक्षात ठेवा. पक्षी खायचं थांबवून मान वर करून तुमच्याकडे बघू लागला, की तुम्ही जास्त जवळ गेलात. दोन पावलं मागे या आणि खाली बसा. तो पुन्हा टिपायला लागेल आणि तुम्हाला जास्त वेळ बघता येईल.

करून पाहा

1. दिनदर्शिकेत आजची तिथी पाहून भरती-ओहोटीची वेळ काढा. प्रत्यक्ष पाहून फरक लिहा.
2. एकच पक्षी पाच मिनिटं पाहा. चोच, पाय आणि चाल यांचं चित्र काढा.
3. पाकोळी गुहेत आणि सुरय उघड्यावर का राहत असेल? घरी चर्चा करून पाच वाक्यं लिहा.

शंख-शिंपले जागेवरच राहू द्या. वहीत मात्र जितकं भरून आणता येईल तितकं आणा.