स्वयंभू संख्या : अंकांच्या बेरजेचा एक अभ्यासपाठ

गणितातील संशोधनास नेहमीच मोठी साधनसामग्री लागते असे नाही. देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे कार्य याची साक्ष देते. अंकांच्या साध्या बेरजेतून निघणाऱ्या संख्यामालांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला.

यातील कृती सोपी आहे. कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी व येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन:पुन्हा करावी. १६ घेतल्यास १ + ६ = ७, म्हणून पुढील संख्या २३; त्यानंतर २८, ३८, ४९ असा क्रम लागतो. येथे १६ ही २३ ची ‘जनक’ संख्या होय.

काही संख्यांना मात्र जनकच नसतो. उदाहरणार्थ, २०. १ ते ९ या संख्यांपासून जास्तीत जास्त १८ मिळतात. १० ते १९ पासून ११, १३, १५ अशा २९ पर्यंतच्या विषम संख्याच मिळतात. त्यापुढील संख्यांची उत्तरे तर २० हून मोठीच असतात. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘स्वयंभू’ हे नाव दिले. १०० पर्यंत त्या तेरा आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ व ९७. याउलट १०१ ला ९१ व १०० असे दोन जनक आहेत.

१ पासून व ७ पासून निघालेल्या माला १०७ वर एकत्र येतात. ३ ची माला मात्र त्यांना कधीच मिळत नाही. ३ ने भाग जाणाऱ्या संख्येच्या अंकांच्या बेरजेसही ३ ने भाग जातो. त्यामुळे त्या मालेतील प्रत्येक संख्या ३ च्या पटीतच राहते. अन्य दोन मालांत अशी संख्या येत नाही.

या मालेचा ताळा जमाखर्चासारखा घेता येतो. १६, २३, २८, ३८ यांतील सर्व अंकांची बेरीज ३३ होते. ३८ मधून १६ वजा करून ३८ च्या अंकांची बेरीज ११ मिळविली, तरी ३३ च येतात. अखेरच्या शिलकेतून आरंभीची शिल्लक वजा केली की मधली निव्वळ जमा कळते, तोच हा न्याय.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात या संख्यांची ओळख करून दिली आणि देवळालीचे हे संशोधन जगभर पोहोचले. खडू आणि फळा एवढ्यावर हा पाठ कोणत्याही शाळेत घेता येईल. बेरजेच्या सरावाबरोबरच ‘असे का होते?’ हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांस लागावी, हेच त्याचे खरे फलित होय.