आधी सामान, मग यादी

अगं, कॉलेजचा डेबियन मिरर तुझ्या गळ्यात पडला आणि तुला आर-सिंकची धास्ती वाटते, असं लिहिलंस. धास्ती वाटते हे बरंच आहे बघ. मला वाटली नव्हती, म्हणून तर माझं जे व्हायचं ते झालं.

खरं सांगू का, आर-सिंक गुणाचं आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली ते लिहिलं. जे बदललंय तेवढंच ओढून आणतं, बाकीच्याला हात लावत नाही. फक्त सांगशील ते शब्दशः करतं. 'असं म्हणायचं होतं का तुला?' हे विचारणं त्याच्या स्वभावात नाही.

माझा पराक्रम ऐक. पहिली नोकरी, एका कॉलेजची लॅब. 'मिरर' नावाच्या फोल्डरमध्ये डेबियन, शेजारी टेकचं भांडार सीटॅन, आणि मुलांसाठी जमवलेल्या आयएसओ फायली. मी कमांड लिहिली, उगमाच्या पत्त्यात 'डेबियन'पुढे तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश दिली आणि मुक्कामाच्या जागी नुसतं 'मिरर' लिहिलं. आता बघ, उगमाच्या शेवटी स्लॅश असली तर अर्थ होतो 'डब्यातलं ओत', आणि नसली तर 'डबाच उचलून ठेव'. मी ओतायला सांगितलं. वर 'डिलीट' जोडलं होतं, म्हणजे उगमाकडे जे नाही ते इथूनही काढून टाक. डेबियनच्या डब्यात सीटॅन कुठून असणार? पडद्यावर 'डिलीटिंग, डिलीटिंग' अशा ओळी सरसर धावत होत्या आणि मी चहा पीत म्हणत होते, वा, आज काय वेग आहे! सरांनी येऊन "सीटॅन दिसत नाही गं" म्हटलं तेव्हा कप हातातच राहिला. दोन रात्री जागून परत उतरवलं सगळं.

तेव्हापासूनची माझी सवय तू सरळ उचल. नवी कमांड कधीही थेट चालवायची नाही. आधी 'ड्राय-रन' आणि सोबत 'व्हर्बोज' लावायचं, मग ती काय काय करणार ते नुसतं वाचून दाखवते. त्यातल्या डिलीटिंगच्या ओळी मोज. पाच-पन्नास असतील तर ठीक, हजारोंच्या घरात असतील तर हात बाजूला. शिवाय 'मॅक्स-डिलीट'चा आकडा घालून ठेव, म्हणजे चूक झालीच तरी एका मर्यादेपलीकडे ते पुसणार नाही. आणि डिस्क माउंट झालेली आहे ना, हे स्क्रिप्टला आधी तपासायला लाव. नसेल, तर तिच्या जागेचं रिकामं फोल्डरच खरं समजून सगळा माल मुख्य डिस्कवर ओतला जातो आणि सकाळी सर्व्हर मान टाकतो. (हो, हेही केलंय मी. विचारू नकोस.)

आता खरी गोम, जी मला फार उशिरा कळली. डेबियनच्या भांडारात दोन मोठे कप्पे असतात. 'पूल', म्हणजे नदीवरचा नव्हे गं, ही कोठी, सगळी पॅकेजं इथे. आणि 'डिस्ट्स', ही यादी. कुठलं पॅकेज, कुठे ठेवलंय, त्याचा हॅश काय, हे सगळं यादीत. पॅकेजं उतरवून बसवणारं ॲप्ट आधी यादी वाचतं, मग कोठीत जातं. आर-सिंक मात्र वर्णक्रमाने जातं, आणि इंग्रजीत डी आधी, पी नंतर. म्हणजे यादी नवी येते आणि माल अजून वाटेत. त्या वेळात लॅबमधल्या कुणी इन्स्टॉल करायला घेतलं, की फाइल सापडत नाही. यादीतल्याच अर्ध्या फायली नव्या, अर्ध्या जुन्या असल्या, तर 'हॅश सम मिसमॅच'. पोरं तुझ्या दारात. तू तपासेपर्यंत माल येऊन पडलेला असतो, सगळं नीट चालतं, आणि तुला वाटतं पोरंच खोटं बोलतात. मी एका बिचाऱ्याला ओरडलेसुद्धा होते.

म्हणून दोन फेऱ्या करायच्या. पहिल्या फेरीत नुसतं सामान, याद्या वगळून, आणि काहीही पुसायचं नाही, कारण जुन्या यादीला जुना माल अजून लागतो. दुसऱ्या फेरीत याद्या, आणि सगळ्यात शेवटी जुनं काढायचं. 'डिले-अपडेट्स' लावलंस तर नव्या फायली बाजूला जमून शेवटी एकदम जागेवर येतात. एवढ्यासाठी डिस्कवर मोकळी जागा हवी, कारण काही वेळ जुनं-नवं दोन्ही घरात असतं. दिवाळीत जुना सोफा जायच्या आधी नवा येऊन पडतो ना, तसं.

हे सगळं स्वतः लिहीत बसू नकोस. डेबियनवाल्यांनीच 'एफटीपीसिंक' नावाची स्क्रिप्ट दिलीय, ती दोन फेऱ्या करते आणि कुलूपही लावते. कुलूप हवंच, कारण मूळ भांडार दिवसातून चार वेळा बदलतं, आणि आधीची फेरी संपायच्या आत, ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनने दुसरी सुरू केली की दोघी एकाच ओट्यावर भांडतात.

बारीकसारीक सांगते. दाबून पाठवायचा, म्हणजे 'झेड'चा पर्याय लावू नकोस, डेबची पॅकेजं आधीच दाबलेली असतात, भाजलेला पापड पुन्हा कशाला भाजायचा? लॉगमध्ये २४ आकडा दिसला तर घाबरू नकोस, आणता आणता उगमाकडच्या काही फायली नाहीशा झाल्या एवढाच अर्थ. २३ दिसला तर मात्र वाच, काहीतरी अर्धवट राहिलंय. उगमाकडचं वाचताना गडबड झाली की आर-सिंक आपणहून पुसणं थांबवतं. ती त्याची अक्कल आहे, 'इग्नोर-एरर्स' लावून ती मारू नकोस.

आणि रोज सकाळी 'प्रोजेक्ट'मधल्या 'ट्रेस'च्या फायली उघडून तारीख बघ. मिरर शिळा झालाय का, ते तिथे लगेच कळतं.

तुला जमेल गं हे. आज क्रॉन बंद ठेव, ड्राय-रन चालवून निकाल फाइलमध्ये घे आणि मला पाठव. डिलीटिंगच्या ओळी दोघी मिळून वाचू. रात्री नऊनंतर फोन कर, त्याआधी माझी कणीक मळायची असते.