व्हिडिओतील दोन दृश्ये जोडताना

शिक्षक मित्रहो, धड्याच्या व्हिडिओत दोन क्लिप नुसत्या एकापुढे एक ठेवल्या की दृश्य झटकन बदलतं. शॉटकट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवर दुसरी क्लिप ओढून पहिलीच्या शेवटावर थोडी चढवा. जेवढी चढेल, तेवढ्या वेळात एक दृश्य विरत जाऊन दुसरं उमटतं. व्हिडिओच्या सुरुवातीला किंवा शेवटी फेड हवा असेल तर क्लिपच्या वरच्या कोपऱ्यातला छोटा गोल आत ओढा.

मात्र 1 सेकंदाच्या जोडात दोन्ही क्लिपचा 1-1 सेकंद एकमेकांत मिसळतो, आवाजासकट. मुलाचे पहिलेच शब्द त्यात हरवतात. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी बोलण्याआधी आणि नंतर 2 सेकंद शांत थांबायला सांगा. पालकांनीही घरी हे लक्षात ठेवावं.