गाडी सगळ्यांची, हिशेब ज्याचा त्याचा

व्यापारी बंधूंनो, कापडाच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. ठाणे फडताळात पडून राहिले की ते नफा खाते. हा नियम आपण दारात उभ्या असलेल्या मोटारीला मात्र लावत नाही. तिला आपण इज्जत म्हणतो.

साधा हिशेब मांडू. धरा, सात लाखांची गाडी घेतली आणि आठ वर्षांनी ती दोन लाखांना गेली. पाच लाखांची घट, म्हणजे वर्षाला ६२,५०० रुपये. विमा आणि दुरुस्तीचे ३०,००० धरले की ९२,५०० झाले. गाडी वर्षातून शंभर दिवस बाहेर निघत असेल तर निघण्याच्या दर दिवसाला ९२५ रुपये पडले, आणि पेट्रोल अजून भरायचेच आहे. कर्जाने घेतली असेल तर व्याज वेगळे. त्या व्याजाचा हिशेब फक्त वहीत संपत नाही, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

युरोप-अमेरिकेत काही गावांनी यावर तोड काढली. झुरिकमध्ये १९४८ सालीच एका सहकारी मंडळीने गाडी वाटून वापरण्याचा प्रयोग केला होता. पुढे १९८७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अशा दोन सहकारी संस्था निघाल्या आणि १९९७ मध्ये त्या एकत्र येऊन ‘मोबिलिटी’ ही संस्था झाली. तिच्या लाल गाड्या रेल्वे स्टेशनांजवळ उभ्या असतात. माणूस रेल्वेने येतो, तेथून गाडी घेतो, काम उरकून परत त्याच जागी लावतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोची ‘सिटी कारशेअर’ २००१ मध्ये सुरू झाली. ती ना नफा तत्त्वावर चालणारी, त्याच शहरातल्या लोकांची संस्था होती. तिच्या सभासदांची पाहणी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी केली, तेव्हा दोन वर्षांत जवळजवळ तीस टक्के सभासदांनी घरची एक किंवा अधिक गाडी काढून टाकल्याचे दिसले. फिलाडेल्फियाची अशीच संस्था २००२ ची. २००४ मध्ये तेथील शहर प्रशासनाने स्वतःच्या ताफ्यातल्या गाड्या कमी करून आपले कर्मचारी या सामायिक गाड्यांवर पाठवले.

पद्धत सोपी आहे. सभासद व्हायचे, वेळ आधी नोंदवायची, तासाप्रमाणे आणि अंतराप्रमाणे पैसे भरायचे. पेट्रोल व विमा बहुधा त्यातच धरलेला असतो. सुरुवातीच्या दिवसांत कित्येक ठिकाणी किल्ली पेटीत असे आणि वापर वहीत लिहिला जाई. मोठा स्थिर खर्च सगळ्यांत वाटला जातो आणि माणूस वापरेल तेवढेच देतो.

आता कोणी म्हणेल, भाड्याच्या कंपन्या आहेतच की. आहेत. पण कंपनी गाडी तेथे उभी करते जेथे गिऱ्हाईक श्रीमंत. बफेलो शहरात २००९ मध्ये निघालेल्या स्थानिक संस्थेने गाड्या अल्प उत्पन्नाच्या वस्त्यांपर्यंत नेल्या. तेथील अनेकांकडे गाडी नव्हती. आठवड्याचा किराणा, दवाखाना, कामाची मुलाखत, एवढ्यासाठी त्यांना ती लागे. नफा वाटायचा नसल्याने शिल्लक राहिली तर एक गाडी वाढते. आपल्याकडच्या बैतुलमालचा विचार याहून फार दूरचा नाही, असे आम्हाला वाटते.

पण गोड बाजूच सांगणे म्हणजे ठाण्याचा वरचा घडीचा भाग दाखवून आतले छिद्र झाकणे. बफेलोची संस्था २०१५ मध्ये बंद पडली. गिऱ्हाईक नव्हते म्हणून नव्हे, विमा मिळेना म्हणून. त्याच राज्यातल्या इथाकाच्या संस्थेचे काम २०२३ मध्ये याच कारणाने थांबले आणि मार्ग निघण्यासाठी राज्याचा कायदा बदलावा लागला. फिलाडेल्फियाची संस्था २०११ मध्ये एका मोठ्या भाडे-कंपनीकडे गेली. संस्था लहान असते तेव्हा एक अपघात, एक विमा कंपनीचा नकार, तिला पुरतो.

आपल्याकडे असे काही करायचे तर प्रथम कायदा पाहा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. केंद्र सरकारच्या १९८९ च्या भाडे-मोटार योजनेत परवान्यासाठी किमान पन्नास गाड्यांची अट घातली होती. मोहल्ल्यातल्या मंडळींच्या हे आवाक्याबाहेरचे आहे. त्यातल्या त्यात जवळचा रस्ता म्हणजे पाच-सहा व्यापाऱ्यांची लेखी शिरकत. फर्मच्या नावावर एक गाडी, ती फक्त भागीदारांच्या वापराची, आणि खर्चाची वाटणी किलोमीटरवर. हेही विमा कंपनीला लेखी कळवून आणि आरटीओ जाणणाऱ्या वकिलाला विचारून. नाहीतर अपघाताच्या दिवशी दावा नाकारला जाईल.

दुसरी अडचण आपल्यातलीच. भागीदाराचा मेहुणा वरातीसाठी गाडी मागतो, आणि नाही म्हणायचे कोणी? म्हणून नोंद आधी आणि नाते नंतर, हे कागदावर पहिल्याच दिवशी लिहा. वही एका विश्वासू माणसाकडे अमानत म्हणून ठेवा. दर जुम्याला बेरीज सगळ्यांसमोर वाचा. टायर आणि विम्यासाठी प्रत्येक फेरीमागे थोडी रक्कम बाजूला काढा. ती रक्कम कोणाच्या दुकानाच्या गल्ल्यात नको, वेगळ्या खात्यात हवी.

ज्याला रोज माल पोचवायचा आहे, त्याच्यासाठी हे नाही. त्याने स्वतःचा टेम्पो घ्यावा. आमचे म्हणणे आठवड्यातून दोनदा मार्केटला जाणाऱ्यांसाठी आहे.