ऑपरेशन थिएटरचे शिक्षण: प्रवेश घेण्याआधी हिशोब करा

(युवक व पालकांसाठी अभ्यासपाठ)



बारावीचा निकाल लागला की आमच्या वसतिगृहात पालकांची ये-जा वाढते. एका हातात गुणपत्रक असते, दुसऱ्या हातात कुठल्यातरी संस्थेचे रंगीत पत्रक. अलीकडे या पत्रकांवर ‘ओटी टेक्निशियन’ हा शब्द फार दिसतो. कुठे सहा महिन्यांचा कोर्स, कुठे एक वर्षाचा, आणि खाली ठळक अक्षरांत ‘१०० टक्के नोकरीची हमी’. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर भागातले आईबाप मला विचारतात, “ताई, हे घ्यावं का?”

काम चांगले आहे. आपल्या मुलामुलींना जमण्यासारखे आहे आणि आपल्या भागाला त्याची गरज आहे. मात्र या एकाच नावाखाली खरे शिक्षणही विकले जाते आणि नुसता कागदही. दोन्हींतला फरक ओळखता यावा, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

हे काम नेमके कोणते?

ऑपरेशन सर्जन करतात, भूल भूलतज्ज्ञ देतात. पण रुग्ण टेबलावर येण्याआधी तासभर आणि तो वॉर्डात गेल्यानंतरही बराच वेळ थिएटरमध्ये काम चालू असते. टेबल, दिवे, सक्शन, ऑक्सिजन आणि भुलीचे मशीन तपासणे, अवजारे ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणे, ट्रॉली मांडणे, रुग्णाला योग्य स्थितीत झोपवणे, सर्जनच्या हातात हवे ते अवजार हव्या त्या क्षणी देणे, काढलेला तुकडा नाव घालून तपासणीला पाठवणे आणि शेवटी कचरा नियमाप्रमाणे रंगीत पिशव्यांत वेगळा करणे. परदेशात हे काम करणाऱ्याला सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणतात. आपल्याकडे ओटी टेक्निशियन किंवा ओटी टेक्नॉलॉजिस्ट हे नाव रूढ आहे.

यातली एक चूक काय करू शकते ते पाहा. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसची वाफ १५ पौंड दाबाखाली ठरलेला वेळ राहावी लागते. गठ्ठ्यावरच्या चिकटपट्टीच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे गठ्ठ्याला उष्णता लागली एवढेच कळते. आतली अवजारे निर्जंतुक झाली की नाही, ते त्या रेघा सांगत नाहीत. हा फरक ज्याला शिकवलेला नाही तो रेघा पाहून ट्रॉली मांडतो, आणि पाचव्या दिवशी रुग्णाच्या टाक्यांत पू होतो.

दुसरे उदाहरण मोजणीचे. पोट उघडण्याआधी गॉज, सुया आणि अवजारे मोजतात. पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजतात. एक गॉज कमी भरला तर थांबायचे, मग सर्जन कितीही मोठे असोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत ही मोजणी आहे. या यादीची चाचणी आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत झाली आणि तिचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या आठांत दिल्लीचे सेंट स्टीफन्स हे मिशन रुग्णालय होते. यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. नवे मशीन नाही, नवे औषध नाही. ठरलेल्या गोष्टी ठरलेल्या वेळी मोठ्याने विचारल्या आणि तपासल्या. अशी शिस्त सहा महिन्यांच्या वह्यांतून अंगी येत नाही.

नियम बदलला आहे

आपल्या मंडळींतल्या जुन्या लोकांना मिशन दवाखान्यातले ‘थिएटरवाले काका’ आठवत असतील. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. तेव्हापासून मिशन दवाखान्यांत कितीतरी माणसे हाताखाली काम करत करत शिकली आणि उत्तम काम करून निवृत्त झाली. म्हणून घरचे म्हणतात, “काका कुठे शिकले होते? तूही शिकशील.” त्या काकांचा आदर ठेवूनच सांगते, ती वाट आता बंद होत आहे.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. ऑपरेशन थिएटर आणि भूल विभागातले तंत्रज्ञ या कायद्याच्या यादीत आहेत. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणून गणले जाण्यासाठी किमान २,००० तासांचा, दोन ते चार वर्षांत विभागलेला डिप्लोमा किंवा पदवी लागते, असे कायद्यातल्या व्याख्येत आहे. नोंदणीसाठी राज्य परिषदा आणि नोंदवह्या यांचीही तरतूद आहे. २०२५ मध्ये आयोगाने काही व्यवसायांसाठी देशभर सारखे अभ्यासक्रम जाहीर केले. भूल व ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञान त्यांत आहे. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, या कायद्याखालचे आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली.

२,००० तास म्हणजे किती, ते घरी बसून मोजा. रोज सहा तास धरले तर ३३३ दिवस होतात. शनिवार-रविवार चार-चार तासांचा वर्ग असेल तर वर्षाला ४०० तासही जेमतेम भरतात. म्हणजे पाच वर्षे लागतील. पत्रकावर ‘सहा महिने’ लिहिले असेल तर बाकीचे विचारण्याआधी हे गणित करा.

समोरच्या वाटा

पहिली वाट पदवीची. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीचा पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि त्यापुढे एक वर्ष इंटर्नशिप. त्यात ऑपरेशन थिएटरची शाखा आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवे. प्रत्येक महाविद्यालयात प्रत्येक शाखा नसते, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहूनच अर्ज करावा.

दुसरी वाट दोन वर्षांच्या डिप्लोमाची. घरची ओढाताण असेल तर ही वाट बरी, पण वर सांगितलेले तास आणि मान्यता दोन्ही तपासूनच.

तिसरी वाट अल्प मुदतीच्या प्रमाणपत्राची. त्यातून मदतनिसाचे काम मिळू शकते. ते काम प्रामाणिक आहे, त्यात कमीपणा नाही. पण ते मदतनिसाचे शिक्षण आहे हे माहीत असून घ्यावे. मदतनिसाचे शिक्षण तंत्रज्ञाच्या फीला घेऊ नये.

अक्राणीच्या डोंगरातल्या एका कुटुंबाने बैलजोडी विकून मुलाला एका शहरातल्या संस्थेत घातले. वर्षभर तो खोलीत बसून नोट्स उतरवत होता. थिएटर त्याने दोनदा पाहिले, तेही दारातून. प्रमाणपत्र घेऊन तो रुग्णालयात गेला तेव्हा तिथल्या मेट्रनने नोंदणी विचारली. नोंदणी होण्यासारखे ते शिक्षणच नव्हते. तो आज वॉर्डबॉय आहे आणि मन लावून काम करतो. पण ते काम त्याला बैल न विकताही मिळाले असते.

संस्थेला विचारायचे सहा प्रश्न

१. प्रमाणपत्र कोण देणार? विद्यापीठाचे किंवा मंडळाचे पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या. मग त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या यादीत या महाविद्यालयाचे आणि या अभ्यासक्रमाचे नाव शोधा. आयएसओ प्रमाणपत्र, ट्रस्टची नोंदणी किंवा निती आयोगाच्या पोर्टलवरची संस्थेची नोंद म्हणजे अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. पत्रकावरच्या शिक्क्यांची संख्या पाहून भुलू नका.

२. एकूण तास किती, आणि त्यांतले थिएटरमधले किती?

३. थिएटर कोणाचे? संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे का, नसेल तर कोणत्या रुग्णालयाशी लेखी करार आहे? तिथे टेबले किती, महिन्याला शस्त्रक्रिया किती, आणि एका टेबलाशी विद्यार्थी किती? फक्त डोळ्यांची ऑपरेशने होत असतील तर पोटाची, हाडांची आणि सिझेरियनची ट्रॉली मुलगा कुठे शिकणार? शक्य असेल तर कामाच्या दिवशी सकाळी आठ वाजता त्या रुग्णालयात जा. आत सोडणार नाहीत, सोडूही नये. पण बाहेर त्या दिवसाची ऑपरेशनची यादी लागली आहे का, विद्यार्थी गणवेशात कामाला येतात का, ते दिसेल.

४. शिकवते कोण? भूलतज्ज्ञ, सर्जन, अनुभवी तंत्रज्ञ की दोन वर्षांपूर्वी तिथूनच उत्तीर्ण झालेला मुलगा?

५. विद्यार्थ्याची काळजी कोण घेते? सुई टोचणे, रक्त उडणे या कामात घडते. कावीळ ‘बी’ची लस तीन डोसांत पूर्ण व्हायला साधारण सहा महिने लागतात. ती प्रवेशानंतर लगेच सुरू करतात का, आणि सुई टोचली तर काय करायचे याचा नियम आहे का?

६. मागच्या वर्षी उत्तीर्ण झालेली मुले कुठे आहेत? तिघांचे फोन मागा आणि तिघांनाही फोन करा. नोकरीची हमी देणारी संस्था हे नंबर आनंदाने देईल.

पैसे आणि कागदपत्रे

शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला आहे. तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते. फी हा तर केवळ पाया असतो. वसतिगृह, खाणावळ, परीक्षा शुल्क, गणवेश, बूट, पुस्तके, गावी येण्याजाण्याचे भाडे आणि इंटर्नशिपच्या वर्षाचा खर्च मांडा. सगळी वर्षे मिळून एकच आकडा काढा आणि मग ठरवा.

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत, आणि तिथे जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. त्या वर्षीचे नियम प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा. यातून एक सोपी कसोटीही मिळते: संस्थेचे आणि अभ्यासक्रमाचे नाव महाडीबीटीच्या यादीत आहे का? नसेल तर शिष्यवृत्ती तर मिळणार नाहीच, शिवाय ‘नाव का नाही’ याचे उत्तरही मागायला हवे.

जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास यांची तयारी अकरावीतच सुरू करा. वैधतेला वेळ लागतो आणि प्रवेशाची तारीख थांबत नाही. फी भरली की पावती घ्या. मूळ प्रमाणपत्रे संस्थेकडे सोडू नका. महाविद्यालयांनी ती पडताळून परत द्यावीत, अडकवून ठेवू नयेत, असे यूजीसीने २०१८ मध्येच कळवलेले आहे.

कोणी या वाटेने जावे?

तासन्‌तास उभे राहता येते, रक्त पाहून घेरी येत नाही, रात्री दोनला उठवले तरी हात स्थिर राहतो, आणि चूक दिसली तर ती लपवावीशी वाटत नाही, अशा मुलामुलींनी. शेवटचा गुण सगळ्यांत मोठा. हात चुकून निर्जंतुक कापडाबाहेर लागला हे दुसऱ्या कोणाला दिसलेले नसते. “मला हातमोजे बदलायचे आहेत” हे स्वतःच म्हणावे लागते.

मर्यादाही माहीत हवी. हे नर्सिंग नाही आणि डॉक्टरकीही नाही. काही ठिकाणी तंत्रज्ञालाच टाके घालायला किंवा भूल द्यायला सांगतात. तिथे नम्रपणे नाही म्हणावे. शिकलेल्या माणसालाच आपली हद्द कळते, हाही चांगल्या शिक्षणाचा एक उपयोग आहे.

आणि आपल्या मुलांकडे एक गोष्ट आहे जी कोणतेही महाविद्यालय शिकवत नाही. सिझेरियनच्या वेळी बाईला बहुधा कंबरेत भूल देतात. ती जागी असते, सगळे ऐकत असते, आणि आजूबाजूला मास्क लावलेली, तिला न कळणारी भाषा बोलणारी माणसे असतात. अशा वेळी डोक्याशी उभे राहून कोणी पावरीत, भिलीत किंवा मावचीत म्हणाले, “घाबरू नको, बाळ येतंय”, तर तिचा श्वास शांत होतो. तो आवाज आपल्या गावच्या मुलीचा असावा, आणि तिच्या हाताला पूर्ण शिक्षण मिळालेले असावे.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या गावात कोणत्या आरोग्य कोर्सची पत्रके आली आहेत? त्यांतल्या एकाचे तास मोजा.

२. सहा प्रश्नांपैकी कोणता प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो? का?

३. अकरावी-बारावीतल्या किती मुलांचे वैधता प्रमाणपत्र अजून बाकी आहे? यादी करा आणि पुढच्या बैठकीपर्यंत निदान दोघांचे अर्ज भरून घ्या.